बाहेर पडायचं ठरलं, कुठे जायचं ते राहिलं

23 जून 2016 रोजी ब्रिटनच्या मतदारांना मिळालेल्या मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता : युनायटेड किंगडमने युरोपीय संघाचा सदस्य राहावं की संघातून बाहेर पडावं? खाली दोन चौकोन होते. 1 कोटी 74 लाख लोकांनी बाहेर पडण्याच्या चौकोनात फुली मारली, 1 कोटी 61 लाखांनी राहण्याच्या. टक्क्यांत सांगायचं तर 51.9 विरुद्ध 48.1. मतदान 72 टक्के झालं. 1992 नंतरच्या एकाही सार्वत्रिक निवडणुकीत तिथे इतके लोक मतदानाला आलेले नव्हते. कौल निसटता असला तरी खरा होता. तो लबाडीने मिळवला असं म्हणून मोडीत काढणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

पण मतपत्रिकेवर एक गोष्ट नव्हती. बाहेर पडून जायचं कुठे?

नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नाही, तरी संघाच्या एकल बाजारपेठेत आहे. तो पैसे भरतो आणि नियम पाळतो, पण नियम ठरवताना त्याला मत नसतं. तुर्कस्तान संघाबाहेर राहून सीमाशुल्क संघात आहे, म्हणजे बहुतेक मालावर बाहेरच्या जगासाठी ब्रसेल्सने ठरवलेलं शुल्कच तो लावतो. कॅनडाचा साधा व्यापार करार आहे. आणि काहीच करार नसेल तर जागतिक व्यापार संघटनेचे दर लागू होतात. हे चारही रस्ते ‘बाहेर’चेच आहेत, पण त्यांची किंमत अगदी वेगवेगळी आहे. ब्रिटिश मतदाराला यातलं काय हवं, हे कोणी विचारलंच नाही. बाहेर पडण्याचा प्रचार करणाऱ्यांनी जाणूनबुजून ते मोघम ठेवलं, कारण यातला एक रस्ता निवडला असता तर बाकीच्या तीन रस्त्यांचे मतदार हातचे गेले असते. पुढच्या दशकभराच्या भांडणाचं मूळ मला या न विचारलेल्या प्रश्नात दिसतं.

ब्रिटन ज्यातून बाहेर पडला ती व्यवस्था नेमकी काय होती, हे आपल्याकडे नीट सांगितलं गेलं नाही. शुल्क नसणं हा तिचा छोटा भाग. मुंबईचे जकातनाके आठवले की मोठा भाग चटकन कळेल. दहिसर, मुलुंड, मानखुर्दला ट्रकांच्या रांगा लागायच्या त्या काही नुसत्या पैशांपायी नव्हत्या. कागद दाखवणं, माल तपासून घेणं, शिक्का मिळेपर्यंत थांबणं यात रात्र जायची. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर ते नाके बंद झाले, तेव्हा वाहतूकदारांचा वाचलेला वेळ हाच मोठा नफा होता. एकल बाजारपेठेने युरोपभर हेच केलं. ग्लासगोमध्ये तयार झालेलं औषध, खेळणं किंवा चीज लिस्बनला पाठवताना ते तिथल्या नियमांत बसतं का, असं कोणी विचारत नसे, कारण नियम एकच होते.

ही बाजारपेठ उभी करण्यात पुढाकार कोणाचा? तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा. त्यांनी ब्रसेल्सला पाठवलेले युरोपीय आयुक्त लॉर्ड कॉकफील्ड यांनी 1985 मध्ये तिचा आराखडा मांडला आणि पुढच्या वर्षी सदस्य देशांनी त्यासाठीच्या करारावर सह्या केल्या. सामायिक नियम हवेत तर ते ठरवणाऱ्या संस्था हव्यात, बहुमताने निर्णय हवेत, वाद मिटवायला न्यायालय हवं. थॅचर यांना बाजारपेठ हवी होती, या संस्थांची वाढती सत्ता मात्र खुपू लागली, आणि 1988 मध्ये ब्रूज इथल्या भाषणात त्यांनी ते उघड बोलून दाखवलं. त्यांच्या हुजूर पक्षातली फूट तिथून रुंदावत गेली. खरं तर ब्रिटनचा युरोपशी संसार पहिल्यापासूनच कुरबुरीचा. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी 1963 आणि 1967 मध्ये दोनदा दार लावून घेतलं. 1973 मध्ये प्रवेश मिळाला, आणि दोनच वर्षांत, 1975 मध्ये, राहायचं की नाही यावर सार्वमत घ्यावं लागलं. तेव्हा 67 टक्क्यांनी ‘राहू’ म्हटलं होतं.

मग चाळीस वर्षांत काय बदललं?

लिंकनशरमधलं बोस्टन हे गाव पाहा. सपाट, काळ्या मातीचा भाग. कोबी, बटाटे, फुलकोबी यांची शेती आणि भाजी निवडून भरणाऱ्या शेड. 2004 मध्ये पूर्व युरोपातले आठ देश संघात आले. जर्मनी, फ्रान्स यांनी तिथल्या कामगारांसाठी काही वर्षं दार बंद ठेवलं. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी पहिल्याच दिवशी उघडलं. पोलंड, लिथुआनिया, लाटव्हियातून माणसं या शेतांवर आली. शेतमालकाची सोय झाली, सुपरमार्केटमधली भाजी स्वस्त राहिली. गावातल्या शाळा, दवाखाने आणि भाड्याच्या खोल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि 2010 नंतर काटकसरीच्या नावाखाली स्थानिक संस्थांचे पैसे कापले गेले. बोस्टनमध्ये बाहेर पडण्याच्या बाजूने 75 टक्क्यांहून जास्त मतं पडली, देशात सर्वाधिक. इथल्या माणसांना वंशद्वेषी ठरवणं सोपं होतं आणि लंडनमधल्या अनेकांनी ते केलं. मला ते अन्यायाचं वाटतं. स्थलांतराचा फायदा देशाच्या खात्यात जमा होत होता आणि त्याचा भार एका गावावर पडत होता. त्याची वाटणी करणं सरकारचं काम होतं आणि ते सरकारने केलं नाही.

संडरलंडची गोष्ट आणखी बोचरी. तिथे 1986 पासून निस्सानचा मोटारींचा कारखाना आहे आणि त्यातल्या बहुतेक गाड्या युरोपात जातात. तरीही 61 टक्के मतं बाहेर पडण्याला मिळाली. तो निकाल जाहीर झाला आणि पौंड घसरायला लागला. सकाळपर्यंत तो डॉलरच्या तुलनेत 1985 नंतरच्या नीचांकावर होता.

प्रचार दोन्ही बाजूंनी वाईट झाला. बाहेर पडणाऱ्यांच्या लाल बसवर लिहिलं होतं की आपण युरोपला दर आठवड्याला 35 कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ. हा आकडा चुकीचाच होता, कारण 1984 मध्ये थॅचर यांनी मिळवलेली सूट आधीच कापून पैसे जात. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं जाहीर केलं, तरी बस फिरतच राहिली. राहण्याच्या बाजूने अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी सांगितलं की 2030 पर्यंत प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला 4,300 पौंडांचं नुकसान होईल. वर, नुसत्या मतदानानेच वर्षभरात मंदी येईल, असंही त्यांच्या खात्याने म्हटलं. मंदी आली नाही. तात्कालिक भाकिताने असं तोंडघशी पाडल्यावर दीर्घ पल्ल्याच्या, जास्त विचारपूर्वक केलेल्या अंदाजांवरही लोकांचा विश्वास उरला नाही. मला जास्त खटकतं ते वेगळंच : युरोपात राहण्यात काही चांगलं आहे, दोन महायुद्धं लढलेल्या खंडाने एका टेबलाशी बसून नियम ठरवण्यात काही मोल आहे, हे राहण्याच्या बाजूच्या बड्या नेत्यांपैकी फार थोड्यांनी मनापासून सांगितलं. त्यांनी भीती विकली. मतदानाच्या आठवडाभर आधी, 16 जूनला, खासदार जो कॉक्स यांचा त्यांच्या मतदारसंघात खून झाला. त्यानंतर दोन-तीन दिवस प्रचार थांबला, आणि पुन्हा तसाच सुरू झाला.

न विचारलेला प्रश्न मग संसदेवर येऊन आदळला. पंतप्रधान टेरिझा मे यांनी दोन वर्षं वाटाघाटी करून आणलेला करार 15 जानेवारी 2019 ला हाउस ऑफ कॉमन्सपुढे आला आणि 202 विरुद्ध 432 मतांनी पडला. आधुनिक काळात कोणत्याही ब्रिटिश सरकारचा असा पराभव झालेला नव्हता. विरोधात मत देणाऱ्यांत दोन परस्परविरोधी गट एकत्र होते : करार फार मऊ म्हणणारे आणि फार कडक म्हणणारे. मार्चच्या अखेरीस खासदारांनी सगळे पर्याय स्वतःच एकेक करून मतदानाला टाकले. आठ पर्यायांपैकी एकालाही बहुमत नाही. दुसऱ्या फेरीत, 1 एप्रिलला, सीमाशुल्क संघात राहण्याचा प्रस्ताव 273 विरुद्ध 276 असा पडला. तीन मतं! दोन खासदार इकडचे तिकडे झाले असते तर ब्रिटनचा पुढचा रस्ता वेगळा असता. ज्या संसदेत बाहेर पडण्याच्या एकाही प्रकाराला बहुमत मिळत नव्हतं, तिच्या डोक्यावर बाहेर पडण्याचा आदेश होता. नवे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी त्या सप्टेंबरात संसदच स्थगित केली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली. मग डिसेंबरातली निवडणूक, जॉन्सन यांना 80 जागांचं बहुमत, आणि 31 जानेवारी 2020 ला सदस्यत्व संपलं. व्यापार करार 24 डिसेंबर 2020 ला ठरला; आठवडाभरात लागूही झाला. चारपैकी कॅनडाच्या रस्त्याच्या सगळ्यात जवळचा, म्हणजे बऱ्यापैकी कडक पर्याय निवडला गेला, आणि त्यावर मतदाराचं मत कधीच थेट घेतलं गेलं नाही.

ग्रीनलंडची आठवण इथे येते. 1982 मध्ये त्या बेटाने सार्वमताने तेव्हाच्या युरोपीय समुदायातून बाहेर पडायचं ठरवलं आणि 1985 मध्ये ते बाहेर पडलं. लोकसंख्या जेमतेम पन्नास हजार, मुख्य विषय एकच : मासे. तरी तीन वर्षं लागली.

आता नफा-नुकसान. या हिशेबात एक अडचण कायमची आहे : ब्रिटन आत राहिला असता तर काय झालं असतं, हे मोजायला दुसरा ब्रिटन नाही. त्यात करोना आला, मग युक्रेनच्या युद्धाने ऊर्जा महागली. अर्थसंकल्पावर देखरेख करणाऱ्या सरकारच्या स्वतंत्र कार्यालयाचा अंदाज असा की दीर्घ पल्ल्यात ब्रिटनची उत्पादकता आत राहिला असता त्यापेक्षा 4 टक्क्यांनी कमी राहील आणि आयात-निर्यात 15 टक्क्यांनी. 4 टक्के म्हटलं की धक्का बसत नाही. हे नुकसान पंधरा वर्षांत, थोडं थोडं, न आलेल्या गुंतवणुकीतून आणि न मिळालेल्या नोकऱ्यांतून होत जातं. बंद पडलेल्या कारखान्याचं छायाचित्र वर्तमानपत्रात येतं, न उघडलेल्या कारखान्याचं येत नाही. राजकारणात म्हणूनच हा आकडा कोणाच्या उपयोगाला आला नाही.

जिथे तो दिसला तिथे छोट्या माणसाच्या अंगावर आला. करारानुसार शुल्क शून्य, पण मांस, दूध, मासे युरोपात पाठवायचे तर प्रत्येक खेपेला पशुवैद्याच्या सहीचं प्रमाणपत्र हवं. कंटेनर भरून माल पाठवणाऱ्या मोठ्या कंपनीला त्या सहीचा खर्च जाणवत नाही. वीस-तीस खोकी पाठवणाऱ्याचा नफा त्यातच संपतो. वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंडच्या काही किनाऱ्यांवरून जिवंत शिंपले फ्रान्स-हॉलंडला जात. तिथलं पाणी ‘ब’ वर्गाचं, म्हणून शिंपले स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करावे लागतात. ते काम पूर्वी पलीकडे होई. संघाबाहेरच्या देशाला ही सवलत नाही, त्यामुळे जानेवारी 2021 पासून तो धंदा जागच्या जागी थांबला. मासेमारी ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत 0.1 टक्क्याच्या आसपास. सार्वमतात मात्र कोळ्यांची बोट हे बाहेर पडण्याचं निशाण होतं. उलट बाजूने येणाऱ्या युरोपीय मालाची तपासणी ब्रिटनने पुन्हापुन्हा पुढे ढकलली आणि 2024 मध्ये कशीबशी सुरू केली, कारण तपासणी केली की अन्न महागणार. सीमेवरचा ताबा परत हवा म्हणून मोहीम जिंकली आणि ताबा वापरायची वेळ आली तेव्हा तो परवडेना.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ब्रिटनची सेवांची निर्यात वाढली. लंडनचं वित्तकेंद्र ओस पडेल हे भाकीत खरं ठरलं नाही, जरी युरोपची बँक नियामक संस्था पॅरिसला आणि औषध नियामक संस्था ॲम्स्टरडॅमला गेली. स्वतंत्र व्यापार करार करण्याची मोकळीक मिळाली. 24 जुलै 2025 ला भारताशी करारावर सह्या झाल्या. स्कॉच व्हिस्कीवरचं 150 टक्के शुल्क आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर येणार; पुण्या-मुंबईहून थोड्या काळासाठी तिकडे पाठवल्या जाणाऱ्या इंजिनिअरांना तीन वर्षं तिथल्या सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागणार नाही. आपल्यासाठी हे चांगलंच आहे. ब्रिटनच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्या सरकारचा स्वतःचा अंदाज दीर्घ पल्ल्यात वर्षाला 4.8 अब्ज पौंडांचा आहे, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या 0.1 टक्क्याच्या थोडं वर. पॅसिफिकच्या व्यापारगटात ब्रिटन डिसेंबर 2024 मध्ये सामील झाला, त्याचा सरकारी अंदाज 0.08 टक्के. 4 टक्क्यांचा खड्डा असा भरायचा तर असे करार किती लागतील! अंतर हे व्यापारातलं मोठं सत्य आहे. डोव्हरहून कॅले दिसतं, मुंबई दिसत नाही.

आपल्याकडच्या दुधाची गोष्ट इथे ताडून पाहावी. नोव्हेंबर 2019 मध्ये भारताने आशियातल्या मोठ्या व्यापारगटात, आरसेपमध्ये, जायला बँकॉकच्या बैठकीत नकार दिला. न्यूझीलंडच्या दूध पावडरीच्या धास्तीने महाराष्ट्रातल्यासह देशभरातल्या दूध उत्पादकांनी आवाज उठवला होता. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, पण तो दाराबाहेर उभं राहून घेतलेला होता. सत्तेचाळीस वर्षं आत राहिल्यावर बाहेर पडणाऱ्याच्या पुरवठ्याच्या साखळ्या, कायदे, लग्नं, नोकऱ्या सगळं आत गुंतलेलं असतं.

लग्नं आणि नोकऱ्या म्हटलं की इंग्लंडातल्या स्विंडनमधले गोंयकार आठवतात. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. असा लाल पासपोर्ट घेऊन हजारो गोमंतकीय कुटुंबं युरोपीय नागरिक म्हणून इंग्लंडात गेली. साउथहॉल, वेम्ब्ली, लेस्टर आणि विशेषतः स्विंडन इथे वसली. गोदामं, विमानतळ, कारखाने, वृद्धाश्रम इथे त्यांनी कष्टाची कामं केली. स्विंडननेही 55 टक्क्यांच्या आसपास मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. 2020 च्या अखेरपर्यंत आलेल्यांना 30 जून 2021 च्या मुदतीत अर्ज करून राहता आलं. त्यानंतर त्या पासपोर्टावर ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क उरला नाही. भाऊ तिकडे आणि बहीण इकडे, अशी घरं आता गोव्यात सासष्टीत, बार्देशात आहेत.

आणि स्थलांतर कमी झालं का? 2021 पासून युरोपीयांची मुक्त ये-जा थांबली, गुणांवर आधारित व्हिसा आला, शिक्षणानंतर दोन वर्षं राहण्याची सोय झाली, वृद्धसेवेसाठी माणसं घेतली गेली. भारत, नायजेरिया इथून लोक मोठ्या संख्येने गेले. 2023 मध्ये निव्वळ स्थलांतर वर्षाला 9 लाखांच्या पुढे गेलं. सार्वमताच्या वेळच्या आकड्याच्या दुपटीहून ते जास्त होतं. बोस्टनच्या मतदाराला दिलेलं मुख्य वचन असं उलटं झालं, आणि तो मतदार आज बाहेर पडण्याच्या मोहिमेतले नेते नायजेल फराज यांच्या नव्या पक्षाकडे वळला तर मला त्याचं नवल वाटत नाही. जनमत चाचण्यांत आता बहुसंख्य ब्रिटिशांना बाहेर पडणं चुकीचं वाटतं. तरीही 2024 मध्ये सत्तेत आलेल्या मजूर पक्षाने एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ या दोन्हींत परतणार नाही, असं जाहीरनाम्यातच लिहून टाकलं. मे 2025 मध्ये त्या पक्षाचे पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी युरोपशी नवी समजूत केली : अन्न आणि वनस्पतींच्या तपासण्या कमी करण्याच्या बदल्यात त्या क्षेत्रात युरोपचे नियम पाळायचे, आणि युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यात 2038 पर्यंत मासेमारी करू द्यायची. म्हणजे एका कोपऱ्यात नॉर्वेचा रस्ता. नियम पाळायचे, मत नाही.

हे सगळं पैशांचं झालं. आयर्लंडमध्ये प्रश्न माणसांच्या जिवाचा होता, आणि सार्वमताच्या प्रचारात इंग्लंडमध्ये त्याचा उल्लेखही क्वचित झाला.

आयर्लंड बेटावर स्वतंत्र आयर्लंड आणि ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड यांच्यामधली सीमा सुमारे 500 किलोमीटर लांब आहे. दोनशेहून जास्त रस्ते ती ओलांडतात. काही शेतं आणि घरं तिच्यावर उभी आहेत. 1923 पासून 1992 च्या अखेरपर्यंत तिच्यावर सीमाशुल्काची ठाणी होती, आणि तीन दशकांच्या हिंसाचारात, ज्यात 3,500 हून जास्त माणसं मेली, लष्करी बुरूजही होते. एकल बाजारपेठेने ठाणी घालवली आणि 1998 च्या गुड फ्रायडे शांतता कराराने बुरूज. आज गाडीतून जाताना रस्त्यावरच्या पाट्या मैलांऐवजी किलोमीटर दाखवू लागल्या की समजायचं, सीमा ओलांडली. स्वतःला आयरिश म्हणवणारा माणूस बेलफास्टमध्ये आयरिश म्हणून जगू शकतो आणि ब्रिटिश म्हणवणारा ब्रिटिश म्हणून, ते या न दिसणाऱ्या सीमेमुळे.

लंडनने मतदानानंतर तीन वचनं दिली. एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ सोडू. बेटावर सीमा उभी राहू देणार नाही. उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनमध्येही सीमा येऊ देणार नाही. यातली कोणतीही दोन पाळता येतात, तिन्ही नाही. दोन बाजूंचे नियम वेगळे झाले की माल कुठेतरी तपासावाच लागतो : जमिनीवर नाहीतर समुद्रात. मे यांनी सगळ्या ब्रिटनला काही काळ सीमाशुल्काच्या चौकटीत ठेवून तिढा सोडवायचा प्रयत्न केला आणि त्यावरच त्यांचा करार पडला. ऑक्टोबर 2019 मध्ये जॉन्सन आणि आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर लिव्हरपूलजवळच्या एका हवेलीत भेटले. तिथून वाट निघाली ती समुद्रातल्या सीमेची. (वराडकर यांचे वडील मूळचे मालवणजवळच्या वराडचे. सिंधुदुर्गातल्या त्या गावात हे नाव तेव्हा वर्तमानपत्रांत कौतुकाने वाचलं गेलं असेल. वाटाघाटीत मात्र ते पूर्णपणे डब्लिनच्या बाजूने, आणि खंबीरपणे, उभे होते.)

समुद्रातली सीमा म्हणजे स्कॉटलंडहून लार्न किंवा बेलफास्ट बंदरात उतरणाऱ्या मालाचे कागद आणि तपासणी. एकाच देशातल्या एका भागातून दुसऱ्या भागात सॉसेज पाठवायला अडचण. ब्रिटनशी निष्ठा हीच ज्यांची ओळख, त्या युनियनिस्टांना यात आपण टाकले गेल्याची भावना झाली. ती समजून घेतली पाहिजे, जरी त्यांचा मोठा पक्ष डीयूपी बाहेर पडण्याच्या बाजूने उभा होता आणि मे यांचा कमी टोचणारा करार पाडण्यात त्याचाही हात होता. एप्रिल 2021 मध्ये बेलफास्टच्या रस्त्यावर बस पेटवली गेली. फेब्रुवारी 2022 मध्ये डीयूपीने प्रांतिक सरकारमधून अंग काढून घेतलं आणि दोन वर्षं प्रांताला पूर्ण अधिकारांचं सरकार नव्हतं. दवाखान्यांच्या रांगा, शिक्षकांचे पगार, सगळं अडलं. 27 फेब्रुवारी 2023 ला तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान ऋषी सुनक आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डर लायन यांनी विंडसर इथे तोडगा काढला : प्रांतातच विकला जाणारा माल हिरव्या मार्गिकेतून, पुढे आयर्लंडला जाण्याची शक्यता असलेला लाल मार्गिकेतून. 3 फेब्रुवारी 2024 ला सरकार परत आलं आणि मिशेल ओ’नील या प्रांताच्या पहिल्या राष्ट्रवादी, म्हणजे अखंड आयर्लंडवादी, मुख्यमंत्री झाल्या.

समुद्रातल्या सीमेच्या 2019 च्या करारात एक कलम आहे ज्याचा मला आदर वाटतो : ही व्यवस्था चालू ठेवायची का, हे उत्तर आयर्लंडच्या, स्टॉर्मंटमधल्या, विधानसभेने ठराविक काळाने ठरवायचं. 10 डिसेंबर 2024 ला पहिलं मतदान झालं. 48 बाजूने, 36 विरोधात. युनियनिस्ट सदस्य विरोधात गेले. दोन्ही समाजांचा पाठिंबा असता तर मान्यता आठ वर्षांची झाली असती. तो मिळाला नाही, म्हणून ती चार वर्षांचीच आहे. 2016 मध्ये उत्तर आयर्लंडच्या 56 टक्के मतदारांनी राहण्याला मत दिलं होतं. त्यांच्या आमदारांना आता 2028 मध्ये पुन्हा हात वर करून सांगावं लागेल की सीमा समुद्रात चालेल की नाही.